बेसचा आवाज बसला, तर पिकअप बदलायचा का?

ऑर्केस्ट्रात, कॉलेजच्या बँडमध्ये किंवा चर्चच्या क्वायरमध्ये बेस गिटार वाजवणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. ड्रम आणि कीबोर्ड सुरू झाले की आपला बेस कुठे गेला ते आपल्यालाच कळत नाही. ॲम्पचा व्हॉल्यूम वाढवावा तर सुराबरोबर घरघरही वाढते. मग कुणीतरी जाणकार सांगतो, ‘कंपनीचे पिकअप भिकार असतात, बदलून टाक.’ सल्ला अगदीच चुकीचा नाही, पण घाईचा आहे. नावाजलेल्या कंपनीचा पिकअप कधीकधी नवशिक्याच्या बेसच्या निम्म्या किमतीपर्यंत जातो. एवढे पैसे घालूनही आवाज होता तिथेच राहिला, तर दोष पिकअपचा नव्हताच. म्हणून आधी जुन्यावरचा गुन्हा शाबीत करा, मग त्याला काढा.

इथे चार तारांच्या, बॅटरी नसलेल्या म्हणजे पॅसिव्ह बेसचाच मुख्यतः विचार केला आहे. दुकानात मिळणारे सुरुवातीचे बहुतेक बेस तीन घराण्यांत मोडतात. एक, लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये आणलेला प्रिसिजन बेस; त्याचा पिकअप १९५७ पासून दोन तुकड्यांचा आहे, एक तुकडा जाड दोन तारांखाली आणि दुसरा बारीक दोन तारांखाली. दुसरा, १९६० चा जॅझ बेस, ज्यावर दोन लांबट पिकअप असतात. तिसरा या दोघांचा संकर, मधे प्रिसिजनचा जोड आणि ब्रिजजवळ जॅझचा पिकअप. त्याला सगळे ‘पीजे’ म्हणतात. तुमच्या बेसवर कुठल्याही कंपनीचं नाव असो, समोरून पाहिलं की घराणं ओळखू येतं.

पिकअपची रचना साधी आहे. चुंबकांभोवती तांब्याच्या तारेचे हजारो फेरे घातलेले असतात. ही तार साधारण ४२ गेजची, म्हणजे जाडी मिलिमीटरच्या सोळाव्या भागाएवढी. वर पोलादी तार थरथरली की कॉइलमध्ये किंचित वीज उमटते आणि तीच केबलमधून ॲम्पपर्यंत जाते. यात झिजण्यासारखं काही नाही. तांबं दमत नाही आणि चुंबक दशकानुदशकं टिकतो. साठीच्या दशकातले फेंडर बेस आजही मूळ पिकअपवर वाजतात. म्हणजे ‘पिकअप जुना झाला, आवाज कमी झाला’ हे निदान बहुधा खोटं असतं. पिकअप जन्मापासून बेतास बात असेल, त्याची कॉइल तुटली असेल, किंवा तो निर्दोष असून भलतंच काही बिघडलं असेल. तिसरी शक्यता सर्वांत मोठी आणि सर्वांत स्वस्त, म्हणून तिथूनच सुरुवात करायची.

आधी हे तपासा

तारा शेवटच्या कधी बदलल्या ते आठवत नसेल, तर उत्तर मिळालं. घामाने आणि मुंबई-कोकणाच्या खाऱ्या दमट हवेने राऊंडवाउंड तारांच्या वेढ्यांत मळ बसतो, वरचे स्वर मरतात आणि बेस ‘धप्प’ वाजू लागतो. मोटाउनच्या जेम्स जेमरसन यांनी वर्षानुवर्षं तारा बदलल्या नाहीत, हे उदाहरण लोक हटकून देतात. ते फ्लॅटवाउंड तारा वाजवत आणि त्यांना तोच आवाज हवा होता. आपल्या आळसाला त्यांचा आधार घेऊ नये.

मग पिकअपची उंची. बहुतेक प्रकरणांचा निकाल इथेच लागतो. जाड ई तार शेवटच्या फ्रेटवर दाबून धरा आणि तारेचा तळ ते पिकअपचा माथा हे अंतर मोजा. अडीच ते तीन मिलिमीटर ही चांगली सुरुवात; बारीक जी तारेकडे दोनच्या आसपास. स्वस्त बेस कारखान्यातून बाहेर पडतात तेव्हा हे अंतर कधीकधी पाच-सहा मिलिमीटर असतं. तार दूर गेली की चुंबकाचा प्रभाव झपाट्याने कमी होतो, त्यामुळे स्क्रूचे दोन-तीन फेरे फिरवल्यावर जो फरक पडतो तो ऐकून पैसे वाचल्याचा आनंद होतो. उलट टोकालाही जाऊ नका. चुंबक फार जवळ आला तर तारेला स्वतःकडे ओढतो, वरच्या फ्रेटवर सूर डगमगतो आणि जोरात वाजवल्यावर तार पोलवर, म्हणजे चुंबकाच्या वर आलेल्या टोकावर, आपटते.

स्क्रू ढिला करूनही पिकअप वर येत नसेल, तर खालचा स्पंज मेलेला आहे. फेंडर पद्धतीच्या बेसमध्ये पिकअपला वर ढकलून धरण्याचं काम खाचेतल्या स्पंजच्या तुकड्याकडे असतं. काही वर्षांत तो चपटा होतो, दमट गावात तर त्याची पूड होते. पिकअप उचलून खाली दाट रबरी स्पंजचा सेंटिमीटरभर जाड तुकडा ठेवा. खर्च चहाच्या दोन कपांचा.

आता एक गोष्ट जी आपल्याकडच्या कार्यक्रमांत फार घडते आणि जिचं खापर नेहमी पिकअपवर फुटतं. हॉलवर किंवा मांडवात बेसचा ॲम्प नसतो. साउंडवाला बेसची केबल घेतो आणि सरळ मिक्सरच्या लाइन इनपुटला खुपसतो. गिटारच्या ॲम्पचा इनपुट साधारण दहा लाख ओहमचा असतो, मिक्सरचा लाइन इनपुट दहा-वीस हजारांचा. दहा हजार ओहमची कॉइल दहा हजारांच्या इनपुटला जोडली की निम्मा आवाज जागीच खर्ची पडला, आणि वरचे स्वर त्याहून जास्त गेले. तुम्ही कितीही भारी पॅसिव्ह पिकअप बसवा, या जोडणीत तो मरगळलेलाच वाजणार. यावर उपाय डीआय बॉक्स, म्हणजे बेस आणि मिक्सर यांच्यामध्ये जुळवणीसाठी लावायची छोटी पेटी, किंवा मिक्सरवर ‘हाय-झी’ लिहिलेलं बटण असेल तर ते दाबणं. कार्यक्रम करणाऱ्या बेसवाल्याने स्वतःचा डीआय बॉक्स पिशवीत ठेवावा, साउंडवाल्याच्या भरवशावर राहू नये. पिकअपसाठी काढून ठेवलेले पैसे बऱ्याच जणांनी इथे घातले तर जास्त कामी येतील, असं माझं स्पष्ट मत आहे.

ऐकू न येण्याचं आणखी एक कारण बेसच्या बाहेरच असतं. मोकळी ई तार ४१ हर्ट्झला वाजते. छोट्या स्पीकरांना एवढा खालचा सूर झेपत नाही, आणि कीबोर्डवाल्याचा डावा हात त्याच पट्टीत धुमाकूळ घालत असतो. तेव्हा बेस ठळक करायचा तर तळ वाढवून उपयोग नाही. दोनशे ते आठशे हर्ट्झचा मधला भाग थोडा वर करा आणि कीबोर्डवाल्या मित्राला डावा हात आवरता घ्यायला सांगा. दुसरं काम जास्त अवघड आहे.

उरलेल्या तपासण्या झटपट होतात. दुसरी केबल लावून पाहा. जॅक हलवल्यावर आवाज जातो-येतो का, पॉट, म्हणजे बटणाखालचा पोटेन्शिओमीटर, फिरवताना खरखर होते का, ते बघा. बॅटरी असलेला बेस असेल तर आधी बॅटरी बदला; नऊ व्होल्टची बॅटरी उतरली की आवाज आधी फाटतो, मग क्षीण होतो. मधल्या वेळात लोक पिकअपची चौकशी करून येतात.

मल्टिमीटरची साक्ष

एवढं करूनही शंका उरली तर साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या. बेस उघडायची गरज नाही. केबल बेसला लावा, व्हॉल्यूम आणि टोन पूर्ण उघडा, मीटर २० किलोओहमवर ठेवा आणि केबलच्या दुसऱ्या टोकाच्या जॅकवर एक सुई टोकाला, दुसरी दांड्याला टेकवा.

प्रिसिजनचा पिकअप साधारण १० ते ११.५ किलोओहमचा असतो. मीटरवर मात्र किंचित कमी आकडा दिसेल, कारण २५० किलोओहमचा व्हॉल्यूम पॉट त्याला समांतर जोडलेला असतो. ११ चा पिकअप साडेदहाच्या आसपास दिसतो. एवढा आकडा आला की कॉइल विजेच्या दृष्टीने ठणठणीत आहे, तक्रार असेल तर ती आवाजाच्या जातीबद्दल असू शकते. आकडा निम्मा, पाचच्या आसपास आला, तर दोनपैकी एक तुकडा शॉर्ट झालाय. मग दोन तारा नीट वाजतात आणि दोन गायब असतात. मीटरने डावीकडे नुसता १ दाखवला तर त्याला २ मेगाओहमवर न्या. तिथे अडीचशे किलोओहमच्या जवळ आकडा आला, म्हणजे मीटरला फक्त पॉट दिसतोय, कॉइल तुटलेली आहे. प्रिसिजनचे दोन्ही तुकडे एकामागे एक जोडलेले असतात, त्यामुळे एक तुटला की चारही तारांचा आवाज जवळजवळ जातो, दूरच्या रेडिओसारखा बारीक काहीतरी ऐकू येतो. आणि सरळ शून्य आलं तर पिकअपला हात लावू नका, जॅकजवळ कुठेतरी तार तारेला चिकटली आहे.

जॅझ बेसमध्ये एका वेळी एकाच पिकअपचा व्हॉल्यूम उघडा, दुसरा शून्यावर ठेवा. सात किलोओहमच्या आसपास आकडा अपेक्षित आहे, ब्रिजकडचा किंचित जास्त. दोन्ही उघडल्यावर साडेतीन-पावणेचार दिसतात. ते समांतर जोडलेले असल्याने तसंच व्हायला हवं, घाबरू नका.

हे मोजमाप मे महिन्यात कराल तर आकडा जानेवारीपेक्षा मोठा येईल. तांब्याचा विरोध तापमानाच्या दर अंशाला सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो, म्हणजे वीस अंशांच्या फरकाला आठ टक्के. विदर्भातल्या दुपारी १०.८ वाचणारा पिकअप महाबळेश्वरच्या थंडीत दहाचा असतो. तेव्हा पॉइंटनंतरच्या आकड्यांवरून मित्राशी वाद घालू नये.

कॉइल तुटलेली निघाली तरी लगेच निराश होऊ नका. बऱ्याचदा बारीक तार गुंडाळीच्या पोटात तुटलेली नसते, ती बाहेरच्या जाड वायरला जिथे जोडलेली असते त्या छोट्या डोळ्यापाशी तुटते. पिकअपचं कव्हर काढा, भिंगाखाली बघा. सुटं टोक सापडलं तर त्याच्यावरचं इनॅमल हळूच खरवडून परत सोल्डर करता येतं. तुटलेली जागा आत असेल तर कॉइल नव्याने भरावी लागते. ते काम पिकअप भरणाऱ्यानेच करावं. पंख्याच्या मोटरी भरणाऱ्याकडे एवढी बारीक तार नसते आणि त्याच्या हाताला ती झेपतही नाही.

बदलायचाच ठरला तर कुठला?

कॉइल खरंच गेली असेल, घरघर सहन होत नसेल, किंवा उंची, तारा, जोडणी सगळं ठीक असूनही आवाज चिखलासारखा असेल, तर बदलायला हरकत नाही. ‘फक्त मोठा आवाज हवा’ हे एकटं कारण मला पुरेसं वाटत नाही. मोठेपणासाठी ॲम्पवर बटण असतं.

स्वस्त पिकअपमध्ये बऱ्याचदा पोल म्हणून लोखंडी खिळे असतात आणि तळाला सिरॅमिक चुंबकाची पट्टी चिकटवलेली असते. जुन्या फेंडर पद्धतीत प्रत्येक पोल स्वतःच अल्निको चुंबक असतो, म्हणजे ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट असलेला मिश्रधातू. सिरॅमिक म्हणजे वाईट असं नाही. काही महाग पिकअपही सिरॅमिकचे आहेत. पण अल्निकोचा आवाज गोल आणि स्वर सुटे, सिरॅमिकचा टणक आणि पुढे येणारा, हा फरक कानाला लागतो.

पिकअप बदलण्याचा धंदा आज एवढा फोफावला आहे की तो कायमचाच होता असं वाटतं. तसं नाही. लॅरी डिमार्झिओ यांचा गिटारसाठीचा सुपर डिस्टॉर्शन १९७२ च्या सुमारास आला आणि सुटा पिकअप विकत घेऊन बसवण्याची पद्धत त्याने रूढ केली. सेमूर डंकन यांची कंपनी १९७६ ची. डंकनची प्रिसिजनसाठीची दोन मॉडेलं समोरासमोर ठेवली तर निवडीचा सगळा प्रश्न समजतो. एसपीबी-१ हा जुन्या वळणाचा, मध्यम जोराचा. एसपीबी-३, ज्याला क्वार्टर पाउंड म्हणतात, त्याचे पोल पाव इंच जाड. तो जोरकस, तळ आणि माथा दोन्ही फुगलेला. दुकानात एकट्याने वाजवून पाहिलं तर दुसरा जिंकतो. रॉक वाजवणाऱ्या तीन-चार जणांच्या बँडमध्येही तो शोभतो. पण भावगीतं, जुनी हिंदी गाणी, लावणीचा फड अशा भरगच्च वाद्यमेळात पहिला जास्त शहाणा ठरतो, कारण त्याचा मधला भाग शाबूत असतो आणि मघाशी म्हटलं तसं बेस ऐकू येतो तो मधल्या भागामुळे.

खोक्यावरचा किलोओहमचा आकडा पाहून जोर ठरवू नका. जास्त फेरे घातले तर विरोध वाढतो, पण तार बारीक वापरली तरी वाढतो, आणि चुंबकाचा जोर त्या आकड्यात दिसतच नाही. फेरे वाढवले की आवाज मोठा होतो, मध्य जाड होतो आणि वरचे स्वर कमी होतात. म्हणजे ‘हॉट’ पिकअप घेऊन पुन्हा ट्रेबलच्या बटणाशी झटापट करायची वेळ येऊ शकते.

पीजे बेसवाल्यांसाठी दोन शब्द वेगळे. प्रिसिजनचा जोड स्वतःची घरघर स्वतःच मारतो, कारण त्याचे दोन तुकडे उलट गुंडाळलेले आणि उलट चुंबकांचे असतात. ब्रिजकडचा साधा जॅझ पिकअप एकटा असतो, तो घरघरतो आणि प्रिसिजनपुढे दुबळाही वाटतो. तिथे तार कमी हलते, त्यामुळे थोडा दुबळेपणा तर येणारच. एकटा वाजवायला तो बारीक वाटतो खरा, पण जॅको पास्टोरियस यांनी जॅझ बेसच्या ब्रिज पिकअपवरच तो नाकातून बोलणारा, प्रत्येक सूर सुटा ऐकू येणारा आवाज काढला. पीजेवर पैसे मोजके असतील तर ब्रिजचाच पिकअप बदला, आणि तो जॅझच्या आकाराचा पण आतून दोन कॉइलींचा, घरघर न करणारा घ्या. डिमार्झिओचा मॉडेल जे असाच आहे.

बॅटरीवर चालणारे ईएमजीसारखे ॲक्टिव्ह पिकअप हा तिसरा रस्ता. घरघर जवळजवळ नाही, लांब केबलची फारशी पर्वा नाही, सोल्डरशिवाय जोडता येतात. पण त्यांना २५ किलोओहमचे पॉट आणि तीन टोकांचा स्टिरिओ जॅक लागतो, आणि बॅटरीला जागाही हवी. जागा नसेल तर लाकूड कोरावं लागतं. सतत कार्यक्रम करणाऱ्याला मी हे सुचवीन. घरी शिकणाऱ्याला नाही.

ऑर्डर देण्यापूर्वी माप घ्या, फोटो पाहून अंदाज बांधू नका. प्रिसिजनचे तुकडे बरेचसे सारख्याच मापाचे असतात. जॅझमध्ये मात्र ब्रिजकडचा पिकअप मानेकडच्यापेक्षा दोन-तीन मिलिमीटर लांब असतो, साधारण ९४ विरुद्ध ९२. काही स्वस्त बेसमध्ये दोन्ही एकाच मापाचे असतात आणि ‘ब्रिज’ म्हणून मागवलेला नवा पिकअप खाचेत बसत नाही. खाच कानशीने मोठी करता येते, पण ते माहीत असून करावं. साबणाच्या वडीसारख्या बंद चौकोनी पिकअपांची मापं तर आणखी निरनिराळी.

हातात स्क्रूड्रायव्हर घेतल्यावर

तारा आधी सैल करा, मग काढा. ताणलेली तार कातरू नका; डोळ्याला धोका आहे आणि मानेवरचा ताणही एकदम सुटतो. टेबलावर जुनी चादर अंथरा, स्क्रू वाटीत ठेवा. पिकगार्ड किंवा मागचं झाकण उघडल्यावर काहीही करण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढा, वरून, बाजूने, प्रत्येक पॉटचा जवळून. कुठली वायर कुठल्या पायाला होती हे तासाभराने आठवत नाही.

आत एक एकटी वायर लाकडातल्या भोकातून ब्रिजकडे गेलेली दिसेल. ती तारांना ग्राउंड करते. तिला हात लावू नका.

जॅझ पिकअप काढताना एक युक्ती वापरा. त्याची वायर लाकडातल्या अरुंद बोगद्यातून कंट्रोलच्या पोकळीत आलेली असते. जुनी वायर पॉटपासून सोडवली की तिच्या टोकाला मजबूत दोरा घट्ट बांधा, गाठीवर चिकटपट्टीचा एक वेढा द्या, मग पिकअप त्याच्या खाचेतून हळूहळू वर ओढा. दोरा बोगद्यातून पसरलेला राहील. नव्या पिकअपची वायर त्याच दोऱ्याला बांधून पलीकडून खेचली की काम झालं. दोरा न बांधता वायर काढणारे नंतर अर्धा तास बोगद्यात वायर घुसवत बसतात.

बेस उघडलाच आहे तर पॉट मोजून घ्या. २५० किलोओहम छापलेला पॉट वीस टक्के इकडेतिकडे चालतो, पण प्रत्यक्षात १८० चा निघाला तर तो वरचे स्वर खातोय. नवा घेताना मागे ए२५० के छापलेला, म्हणजे लॉग टेपरचा घ्या. बी म्हणजे लिनिअर, त्यात व्हॉल्यूम सगळा एकाच टोकाला वाढल्यासारखा वाटतो. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला २२० किलोओहमचा मिळाला तरी बिघडत नाही. चांगल्या पॉटची मान जाड असते, स्वस्त बेसच्या भोकात ती जात नाही. भोक मोठं करायची तयारी ठेवा. टोनचा कपॅसिटर ०.०४७ मायक्रोफॅरडचा, त्याच्यावर ४७३ छापलेलं असतं. त्यात महागडे प्रकार विकले जातात. काही रुपयांचा साधा कपॅसिटर तेवढंच काम करतो.

सोल्डरिंगला चाळीस वॅटची इस्त्री बरी. पंचवीसची पॉटच्या पायांना पुरते, पण पॉटच्या पाठीवर ग्राउंड जोडताना थंड पडते, आणि मग आपण ती दाबून धरतो, पॉट आतून भाजतो. पाठीवरचा तो भाग घासकागदाने खरवडून चकचकीत करा, आधी तिथे थोडं सोल्डर पसरा, वायरच्या टोकालाही लावा, मग दोन्ही जुळवून क्षणभर तापवा आणि इस्त्री उचलल्यावर वायर हलू देऊ नका. जोड चकाकला तर चांगला. राखी आणि दाणेदार दिसला तर परत तापवा. नळकाम करणाऱ्याचं आम्लाचं फ्लक्स इथे अजिबात वापरू नका, ते वायर कुरतडतं. खिडकी उघडी ठेवा, सोल्डरमध्ये शिसं असतं, नंतर हात धुवा.

वायरच्या रंगांवर आंधळा विश्वास ठेवू नका. सेमूर डंकनच्या साध्या दोन वायरींच्या बेस पिकअपमध्ये पांढरी आवाजाची आणि काळी ग्राउंडची असते, तर त्याच कंपनीच्या चार वायरींच्या हंबकरमध्ये काळीच आवाजाची असते. खोक्यातला कागद वाचा.

जॅझ किंवा पीजेचा एकच पिकअप बदलताना उलट जोडणीचा धोका असतो. दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडल्यावर आवाज भरदार होण्याऐवजी पोकळ झाला, तळ गेला, तर दोघे एकमेकांना मारताहेत. नव्या पिकअपच्या दोन वायरी अदलाबदल केल्या की प्रश्न सुटतो. मात्र तिसरी, शील्डची वायर असेल तर ती ग्राउंडलाच राहू द्या. प्रिसिजनच्या दोन तुकड्यांत हीच चूक झाली तर आवाजावरून कळत नाही, कारण प्रत्येक तार एकाच तुकड्यावरून जाते. तिथे लक्षण एकच: घरघर. जोड बदलल्यावर पूर्वीपेक्षा जास्त घरघर आली तर एका तुकड्याच्या वायरी उलट्या करा.

सगळं बंद करण्यापूर्वी केबल लावा, ॲम्प अगदी कमी ठेवा आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने प्रत्येक पोलवर हलकी टिचकी मारा. आठही पोल सारखे ‘टक्’ वाजले तर झाकण लावा, तारा चढवा आणि उंची पुन्हा पहिल्यापासून लावा. नवा पिकअप जुन्याच उंचीवर ठेवून नापसंत करणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

तारांना हात लावल्यावर घरघर कमी होते, हे पॅसिव्ह बेसमध्ये ठीकच. हात लावल्यावर वाढत असेल तर कुठेतरी आवाजाची आणि ग्राउंडची वायर उलटी पडली आहे. मांडवात जनरेटरवर, नीट अर्थिंग नसलेल्या लाइनवर वाजवताना मात्र घरघरीपेक्षा गंभीर गोष्ट असते. एका हाताने तार धरून ओठ माइकला लागल्यावर झटका बसला, तर वाजवणं थांबवा आणि वायरमनला बोलवा. हा पिकअपचा प्रश्न नाही आणि कुठलाही पिकअप तो सोडवणार नाही.

नव्या-जुन्याची तुलना आठवणीवरून करू नका. पिकअप काढण्यापूर्वी एक ओळ मोबाइलवर नाही तर शक्यतो इंटरफेसवर रेकॉर्ड करा, बटणं कुठे होती ते लिहून ठेवा, आणि नवा बसवल्यावर तीच ओळ तशीच वाजवा. तारा दोन्ही वेळा एकाच अवस्थेत हव्यात. नव्या पिकअपबरोबर नव्या तारा चढवून पिकअपचं कौतुक करणारे खूप भेटतात; त्यातलं अर्धं श्रेय तारांचं असतं.

काढलेला पिकअप फेकू नका. त्याच्यावर कागदाची चिठ्ठी लावून कुठला, कुठल्या जागेचा आणि किती किलोओहमचा ते लिहा, जुने स्क्रू त्याच पिशवीत टाका आणि जोरदार चुंबकांपासून, म्हणजे स्पीकरपासून लांब ठेवा. पुढे बेस विकायची वेळ आली, तर वापरलेल्या बेसच्या खरेदीदाराकडून नव्या पिकअपचे पूर्ण पैसे सहसा मिळत नाहीत. जुना परत बसवून बेस विका आणि नवा पुढच्या बेससाठी स्वतःकडे ठेवा.